घड्याळ किती घासावं?

आमच्या वऱ्हाडात जुन्या वस्तूला दोनच वाटा. एक तर ती माळ्यावर जाते, नाही तर भंगारवाल्याच्या हातगाडीवर. तिसरीही एक वाट आहे. वस्तू हातात घ्यावी, तिची धूळ काढावी आणि तिला पुन्हा कामाला लावावं. आज त्या तिसऱ्या वाटेविषयी बोलायचं आहे, तेही मनगटावरच्या घड्याळाच्या निमित्तानं.

मित्र विचारतात, 'मियाँ, दोनशे रुपयांत नवं घड्याळ मिळतं. मोबाईलवर तर वेळ फुकटात दिसते. मग हे जुनं डबडं घासत काय बसता?' प्रश्न रास्त आहे. उत्तर देण्याआधी थोडं मागं जायला हवं.

माझे वडील अकोल्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत नोकरीला होते. त्यांच्याकडं एचएमटीचं चावीचं घड्याळ होतं. वजू करायला बसले की ते घड्याळ काढून कोनाड्यात ठेवीत, नमाज झाली की पुन्हा बांधीत आणि रात्री इशानंतर मोजून चावी देत. बंगळूरला १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं एचएमटीचा घड्याळ कारखाना सुरू झाला आणि मनगटी घड्याळ साध्या नोकरदाराच्या आवाक्यात आलं. लग्नात जावयाला सायकल, रेडिओ आणि घड्याळ देण्याची चाल आपल्याकडं सर्वांनाच ठाऊक आहे. त्यातलं घड्याळ बहुधा एचएमटीचं असायचं. २०१६ साली केंद्र सरकारनं ही घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा पुष्कळांना घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं.

पण त्याही काळात एक वरची पायरी होती. कापसाचे अडते, जिनचे मालक, मोठे वकील, डॉक्टर यांच्या मनगटावर स्विस घड्याळ असे. १८८६ साली मुंबईत सुरू झालेली वेस्ट एंड वॉच कंपनी आणि एकोणिसाव्या शतकापासून मुंबईत पाय रोवलेली फेवर ल्युबा ही नावं खेड्यापाड्यांतही माहीत होती. स्वातंत्र्यानंतर परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक बंधनं आली. मग मुंबईच्या किनाऱ्यावर सोन्याबरोबर घड्याळांचीही चोरटी आवक होऊ लागली. त्यामुळं असं घड्याळ हातावर असणं हीच मोठी गोष्ट होती. आमच्या मोहल्ल्यात एकाच गृहस्थांकडं फेवर ल्युबा होतं. आम्ही पोरं त्यांना मुद्दाम 'चाचा, किती वाजले?' विचारायचो, ते बाही वर करताना घड्याळ दिसावं म्हणून.

तेच घड्याळ मला पन्नाशी ओलांडल्यावर अकोल्यात एका जुन्या सामानाच्या दुकानात भेटलं. तेच म्हणजे त्याच जातीचं, फेवर ल्युबा सी चीफ. काच पांढरी पडलेली, पट्टा तुटलेला, कानाकोपऱ्यात मळ. कानाला लावून हलकेच हलवलं, तर चार टिकटिक करून थांबलं. म्हणजे जीव होता.

असं घड्याळ घेताना एक गोष्ट पाहावी. बाजारात चकचकीत रंगांच्या तबकड्यांची 'जुनी' घड्याळं फार मिळतात. तबकडी नव्यानं रंगवलेली, काटे एका घड्याळाचे, यंत्र दुसऱ्याचं, डबी तिसऱ्याची. परदेशातले शौकीन अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणून नाकं मुरडतात. म्हणून जुन्या घड्याळाची तबकडी नव्यासारखी चमकत असेल तर खुश होऊ नये, सावध व्हावं. माझ्या घड्याळाची तबकडी कडेनं पिवळी पडली होती. मी ते तिच्यावरच्या विश्वासानं घेतलं.

आता कामाविषयी. घरी काय करावं आणि काय करू नये, याची सीमारेषा पक्की हवी. यंत्र हे घड्याळजीचं काम. अमरावतीत एका बोळीत माझे एक उस्ताद बसतात. तीन फूट बाय चार फुटांचं दुकान, डोळ्याला भिंग आणि समोर काचेच्या वाट्या उपड्या. त्यांनी यंत्र सोडवून धुतलं, वाळलेलं तेल काढलं, नवं दिलं. चावीचं घड्याळ सेकंदाला साधारण पाच ठोके देतं, म्हणजे दिवसाला चार लाख बत्तीस हजार. एवढी मेहनत करणाऱ्याला पाच-सात वर्षांत एकदा तेल नको का? लोकांना मात्र भीती असते, की घड्याळजी आतले 'हिरे' काढून घेईल. हे खडे म्हणजे कारखान्यात तयार केलेले माणकाचे बारीक तुकडे. बहुतेक घड्याळांत असे सतरा असतात आणि चाकांच्या आसांची झीज होऊ नये म्हणून बसवलेले असतात. किंमत म्हणाल तर किरकोळ. उस्ताद हसून म्हणाले, 'खडे चोरून मी श्रीमंत झालो असतो, तर या बोळीत बसलो असतो का?'

यंत्र बाहेर असताना रिकामी डबी माझ्या हाती आली. कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रश. पट्ट्याच्या पिना जिथं बसतात त्या खाचांतून पन्नास वर्षांचा घाम आणि धूळ निघाली. मग काच. त्या काळची काच म्हणजे खरं तर प्लास्टिकच, म्हणून तिच्यावर ओरखडे लवकर पडतात आणि निघतातही. खोल ओरखडा असेल तर दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हातानं फिरवावा. काच आणखी धुरकट होते, पण घाबरू नये. नंतर सुती फडक्यावर पांढरी टूथपेस्ट किंवा पितळ घासायचं पॉलिश घेऊन गोल गोल घासत राहावं. अर्ध्या तासात धुकं निवळतं आणि आतले आकडे वर येतात. मोतीबिंदूची पट्टी सोडल्यावर माणूस जसा बघतो, तसं ते घड्याळ आपल्याकडं बघतं.

डबीच्या बाबतीत मात्र हात आवरावा. पाठीवर 'स्टेनलेस स्टील बॅक' असं लिहिलेलं असलं, की पुष्कळांना सगळंच घड्याळ स्टीलचं वाटतं. त्याचा अर्थ एवढाच, की पाठ स्टीलची. बाकी डबी बहुधा पितळेची आणि वर मुलामा. मुलाम्यावर पॉलिश मारलं की खालचं पितळ उघडं पडतं, ते परत झाकता येत नाही. डबी खरोखर स्टीलची असली तरी फिरत्या चाकावर धरू नये. तिच्या कडा कारागिरानं धारदार ठेवलेल्या असतात. चाकावर त्या गोल होतात आणि घड्याळ चोखलेल्या गोळीसारखं दिसू लागतं. प्रत्येक पॉलिशमध्ये थोडा धातू जातो, तो गेलेला परत येत नाही. कविता लिहिणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. ओळ घासता घासता तिची धार कधी जाते, कळतही नाही.

तबकडीला तर बोटसुद्धा लावू नये. रबरी फुग्यानं हवा मारून धूळ उडवावी, बस्स. आणखी एक इशारा. आपल्याकडं अंधारात चमकणाऱ्या कशालाही 'रेडियम' म्हणतात, गाडीच्या नंबरप्लेटवरच्या पट्टीलासुद्धा. त्या पट्टीत रेडियम नसतं. पण साठीच्या दशकापर्यंतच्या कित्येक घड्याळांच्या काट्यांवर खरंखुरं रेडियम असे. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या कारखान्यांत तरुण मुली ब्रशचं टोक ओठांनी ओलं करून ते रंगवीत. त्यातल्या कित्येकींचे जबडे सडले, कित्येकींचा जीव गेला. आज ते आकडे चमकत नाहीत, कारण सोबतचं रसायन निकामी झालेलं असतं. रेडियम मात्र तिथंच असतं, त्याला निम्मं व्हायला सोळाशे वर्षं लागतात. म्हणून अशी तबकडी खरवडू नये, फुंकू नये आणि घरी तर उघडूच नये. माझ्या तबकडीवर तसला रंग नव्हता, ते आधी पाहून घेतलं होतं.

सगळ्यात शेवटी पाठ घासायला घेतली. मळ निघाला तशी ओरखड्यांच्या जाळीतून अक्षरं दिसू लागली. हातानं कोरलेली, थोडी वाकडी. एक नाव, त्याखाली 'सप्रेम भेट' आणि १९६८ सालातली मे महिन्याची एक तारीख. लग्नातलं घड्याळ. ओरखडे काढायचे तर अक्षरंही जाणार होती, कारण दोन्हींची खोली जवळपास सारखीच होती. फडकं तसंच खाली ठेवलं.

कोणी घड्याळ हौसेनं विकतं, कोणी गरजेनं. कापूस पिकवणाऱ्या घरात आधी काय जातं, हे विदर्भात कोणाला सांगायला नको. पोत जाते, बैलजोडी जाते, मग तांब्याची भांडी. दुकानदाराला विचारलं, तेव्हा कळलं की हे घड्याळ दर्यापूरकडच्या एका गावातून भांड्यांच्या पोत्यासोबत आलं होतं. खारपाणपट्ट्यातलं गाव, विहिरीचं पाणी खारट, शेती सगळी पावसावर. पत्ता मिळाला. घड्याळ चालू झाल्यावर ते खिशात घालून मी तिथं गेलो. परत द्यायचं, पैसे घ्यायचे नाहीत, असं घरून ठरवून निघालो होतो.

ज्यांचं नाव कोरलेलं होतं ते वारले होते. त्यांच्या पत्नी ओसरीवर बसल्या होत्या. मी घड्याळ त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी आधी पाठ पाहिली, अक्षरांवरून अंगठा फिरवला, मग कानाला लावलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'भाऊ, चालून रायलं हो हे.' मी म्हटलं, 'काकू, हे तुमचंच आहे, ठेवून घ्या.' त्यांनी मान हलवली. 'इथं ठेवून का करू? चाबी देनारे हात गेले. पोरगं मोबाईलात टाइम पायते. पुन्हा पेटीत जाईन अन् बंद पडीन. तुमच्यापाशी चालते ना, मंग चालू द्या. फक्त नाव खोडू नका.'

मी आग्रह केला, पण त्यांनी माझी मूठ दोन्ही हातांनी मिटवली. तेव्हापासून पाठीवरच्या अक्षरांना मी पॉलिश लावलेलं नाही. ओरखडेही तसेच आहेत. काच मात्र लख्ख ठेवतो.

मित्रांच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या ओसरीवर मिळालं. वेळ पाहायला मोबाईल पुरतो. पण माणसाचं नाव चालतं ठेवायला कोणीतरी रोज चावी द्यावी लागते, आणि ते कोणी द्यावं याला जातधर्माची अट नाही.

तुमच्या घरीही पेटीत, कपाटाच्या कप्प्यात असं एखादं बंद घड्याळ असेल. ते बाहेर काढा. रेडिओच्या किंवा टीव्हीच्या स्पीकरला चिकटून ठेवू नका, चुंबकानं त्याची चाल बिघडते. मऊ फडक्यानं पुसा, जबरदस्तीनं चावी फिरवू नका, गावातल्या घड्याळजीकडं न्या. त्यांची दुकानं दर वर्षी कमी होत आहेत, तेव्हा फार उशीर करू नका. त्यांनी 'पॉलिश मारून नवं करून देऊ का?' असं विचारलं, तर आधी घड्याळ उलटं करून पाठ पाहा. तिथं काही लिहिलेलं नसेल, तरी ते घड्याळ कोण घालत होतं हे घरात एकदा विचारा. मग किती घासायचं ते ठरवा.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)