ईश्वर आणि निसर्ग

अग्नींत पडलेला कापूस जळतो. त्यास जाळतो कोण, अग्नि कीं ईश्वर? श्रोतेहो, प्रश्न पोरकट वाटेल. परंतु मध्ययुगीन पंडितांनीं त्यावर पुष्कळ ऊहापोह केला आहे. इस्लामी तत्त्ववेत्ता अल्-गझाली (मृत्यु ११११) याच्या मतें अग्नि जड आहे, त्याच्या अंगीं कर्तृत्व नाहीं. कापूस जाळणारा ईश्वरच.

तेराव्या शतकांत पॅरिस येथें अध्यापन करणारा ख्रिस्ती आचार्य संत थॉमस अक्वायनस (मृत्यु १२७४) यानें या प्रकारच्या मताचें खंडन केलें. सृष्ट पदार्थांचें सामर्थ्य नाकारिल्यानें ईश्वराचा महिमा वाढत नाहीं, उलट उणावतो, असें त्याचें म्हणणें. तो दृष्टान्त देतो गुरूचा : ज्याचे शिष्य स्वतः विद्वान् होऊन इतरांस शिकविण्यासही समर्थ होतात, तो गुरु अधिक श्रेष्ठ नव्हे काय ?

मग कार्यांत ईश्वराचा वांटा किती व निसर्गाचा किती ? थॉमसच्या मतें ही वांटणीच अयोग्य. कार्य संपूर्णपणें कर्त्याचें आणि संपूर्णपणें साधनाचेंही असतें. अक्षर बोरूनें उमटलें, तसेंच तें लिहिणारानेंही उमटविलें. अर्धी रेघ एकाची व अर्धी दुसऱ्याची, असें कोणी म्हणत नाहीं.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. घरांत मूल तापानें फणफणलें असतां औषध द्यावें कीं प्रार्थना करावी ? थॉमसच्या विचारसरणीप्रमाणें दोहोंत विरोध नाहीं. प्रार्थनाही ईश्वरी योजनेंतील एक कारणच होय. परंतु हातचा उपाय टाकून जो केवळ दैवी साहाय्याची वाट पाहतो, तो ईश्वराची परीक्षा पाहूं जातो, असें त्यानें बजाविलें आहे. तेव्हां वैद्यास बोलावणें ही अश्रद्धा, असें भाविकानें मानण्याचें कांहीं कारण नाहीं.