मोटारचालकाचा जमाखर्च

आजच्या भाषणाचा विषय प्रथमदर्शनी रुक्ष वाटण्याजोगा आहे. प्राप्तिकर हा शब्द कानी पडताच रेडिओची कळ फिरविण्याचा मोह कित्येकांस होत असेल. तथापि ज्या भाड्याच्या मोटारीतून आपण स्टेशनावर अथवा कचेरीत जातो, त्या मोटारीच्या चालकाच्या संसाराशी या विषयाचा निकट संबंध आहे. यास्तव काही मिनिटे तो शांतपणे ऐकावा, अशी माझी विनंती आहे.

मी मुळशी तालुक्याचा रहिवासी. आमच्या तालुक्याची जुनी ओळख म्हणजे भाताची खाचरे आणि १९२१ साली सुरू झालेला धरणविरोधी सत्याग्रह. आज हिंजवडीची संगणकनगरी याच तालुक्याच्या हद्दीत उभी आहे. पौड, पिरंगुट, माण, भूगाव या गावांतील कित्येक तरुणांनी कर्ज काढून मोटारी घेतल्या आहेत आणि ओला, उबर अशा कंपन्यांच्या ॲपवर नावे नोंदवून ते प्रवाशांची ने-आण करितात. त्यांपैकी काहीजण माझ्यापाशी गणित शिकलेले आहेत. जुलै महिना जवळ आला की ते विचारावयास येतात, “गुरुजी, आम्हांला पगार नाही, साहेब नाही, मग आम्ही सरकारला काय लिहून द्यावयाचे?”

प्रश्न मार्मिक आहे. नोकरदाराचे उत्पन्न किती, हे त्याचा मालक लिहून देतो. मोटारचालक हा कायद्याच्या दृष्टीने कोणाचा नोकर नसून स्वतंत्र व्यावसायिक आहे. त्याचे उत्पन्न किती, हे सांगणारा तोच. त्याचे विवरणपत्र म्हणजे त्याने स्वतःच्या कमाईविषयी दिलेली साक्ष होय. आजच्या भाषणाचे सार एवढेच आहे. पुढील सर्व विवेचन त्याचा विस्तार समजावा.

आपल्या देशात हा कर जेम्स विल्सन या अर्थमंत्र्याने १८६० साली आणला. त्या काळापासून कालपरवापर्यंत विवरणपत्र म्हणजे कागद, शाई आणि कचेरीच्या खेटा असा हिशेब होता. आता ते काम संगणकावर होते. करखात्याच्या संकेतस्थळावर पॅन क्रमांकाने प्रवेश केला की अर्जातील बराच मजकूर आधीच भरलेला आढळतो, बेरजा-वजाबाक्या यंत्र करिते, आणि यास एक पैसाही पडत नाही. खासगी कंपन्यांचीही अशी सॉफ्टवेअरे मिळतात; त्यांतील बहुतेकांस शुल्क पडते. ही सोय मोठी खरी. परंतु यंत्राला ठाऊक असते ते इतरांनी त्यास कळविलेले. कंपनीने कळविलेले भाडे त्यास ठाऊक असते. सीएनजी किती जाळला, टायर केव्हा बदलले, कर्जावर व्याज किती गेले, हे त्यास कोण सांगणार?

एक उदाहरण घेऊ. आकडे गणितातल्याप्रमाणे कल्पित आहेत. एका चालकाच्या मोटारीचे वर्षाचे एकूण भाडे १०,००,००० रुपये झाले. पैकी ७,००,००० ऑनलाइन व ३,००,००० रोख. कंपनीने आपल्या दलालीचे २,००,००० कापून घेतले. चालक म्हणतो, “माझ्या हाती आठच लाख आले, तेव्हा आठच लाख लिहितो.” येथेच घोटाळा होतो. कंपनी जो कर उगमापाशी कापते, ज्यास टीडीएस म्हणतात, तो दलाली वजा जाण्यापूर्वीच्या भाड्यावर, रोख भाडे धरून, कापला जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून त्याचा दर शेकडा ०.१ आहे; म्हणजे आपल्या उदाहरणात १,००० रुपये. (भाडे पाच लाखांच्या आत असून पॅन अथवा आधार दिलेला असेल तर ही कपात होत नाही, आणि दोहोंपैकी काहीच दिलेले नसेल तर ती शेकडा ५ होते.) ही नोंद फॉर्म २६एएस व वार्षिक माहितीपत्रक या दोन उताऱ्यांत दिसते. तेथे दहा लाख आणि अर्जात आठ लाख, अशी तफावत पडली की नोटीस येण्यास निमित्त मिळते. म्हणून भाडे पूर्ण दाखवावे व दलाली खर्चात धरावी. कापलेले हजार रुपये परत हवे असतील, तरीही विवरणपत्र भरल्यावाचून ते मिळत नाहीत.

आता खर्च. दहा लाखांतून दलालीचे २,००,०००, सीएनजीचे २,४०,०००, दुरुस्ती, विमा, परवाना इत्यादींचे ९०,००० आणि कर्जावरील व्याजाचे ५०,००० वजा करू. येथे ध्यानात ठेवावे की बँकेचा सबंध हप्ता हा खर्च नव्हे; त्यातील व्याज तेवढे खर्च, मुद्दलाची फेड खर्चात धरता येत नाही. त्याऐवजी मोटारीच्या झिजेबद्दल घसारा मिळतो. भाड्याने चालणाऱ्या मोटारीस तो शेकडा ३० आहे. मोटारीची शिल्लक किंमत ४,००,००० धरली तर १,२०,०००. सर्व वजा जाता निव्वळ नफा उरतो ३,००,००० रुपये.

लहान व्यावसायिकास असा सविस्तर जमाखर्च ठेवणे जड जाते, म्हणून कायद्याने एक सोपी वाट ठेविली आहे. ऑनलाइन मिळालेल्या रकमेवर शेकडा ६ व रोख रकमेवर शेकडा ८ इतका नफा गृहीत धरावा आणि ‘सुगम’ नावाचे विवरणपत्र भरावे. आपल्या चालकाच्या बाबतीत सात लाखांवर ४२,००० आणि तीन लाखांवर २४,०००, मिळून ६६,००० रुपये होतात. संगणक हा आकडा तत्परतेने पुढे करितो, आणि चालक हर्षाने तो मान्य करितो.

परंतु श्रोतेहो, कायद्याने हा आकडा किमान म्हणून सांगितलेला आहे. प्रत्यक्ष नफा अधिक असेल तर अधिक दाखवावा, असा त्याचा आशय आहे. नीतीची गोष्ट क्षणभर बाजूस ठेवून केवळ व्यवहार पाहू. २०२५-२६ या वर्षाकरिता नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या सामान्य उत्पन्नावर सवलत मिळून कर शून्य होतो. तेव्हा ६६,००० लिहिले काय आणि ३,००,००० लिहिले काय, कर दोहोंवर शून्यच! कमी लिहून एक रुपयाही वाचला नाही.

गेले मात्र पुष्कळ. हाच चालक उद्या दुसऱ्या मोटारीकरिता अथवा मुलीच्या शिक्षणाकरिता कर्ज मागावयास जाईल, तेव्हा बँक त्याची मागील विवरणपत्रे मागेल. याहून गंभीर गोष्ट सांगतो. हे लोक रात्री-अपरात्री रस्त्यावर असतात. ईश्वर न करो, पण एखाद्यावर अपघातात प्राण गमावण्याची पाळी आली, तर त्याच्या बायकामुलांना नुकसानभरपाई किती द्यावयाची, हे न्यायाधिकरण मृताच्या कमाईवरून ठरविते, आणि कमाईच्या पुराव्यांत प्राप्तिकराच्या विवरणपत्रास मोठे वजन असते. महिना पंचवीस हजार मिळविणाऱ्या कर्त्या पुरुषाने आपली मिळकत साडेपाच हजार लिहून ठेविली असेल, तर त्याची विधवा त्याविरुद्ध कोणता दाखला आणणार? त्याने दिलेली साक्ष बदलावयास तो हयात नसतो.

आमच्या तालुक्यापुरती आणखी एक बाब. पुष्कळ चालकांच्या घरी इंद्रायणी तांदळाची शेती आहे. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे हे खरे. परंतु चालकाच्या वाट्यास ते ५,००० रुपयांहून अधिक येत असेल, तर ‘सुगम’ चालत नाही. आयटीआर-३ हे विस्तृत विवरणपत्र घ्यावे लागते. त्या वर्षी जमीन विकली असेल, तर जाणत्या सल्लागारास विचारल्यावाचून पुढे जाऊ नये.

उपाय म्हणाल तर दोन आण्यांच्या वहीचाच आहे. आज तीस-चाळीस रुपये पडत असतील. रोज रात्री मोटार उभी केल्यावर पाच ओळी लिहाव्या: एकूण भाडे, त्यातील रोख, कंपनीची कपात, इंधन, इतर खर्च. मार्चअखेर बेरीज केली की खरा आकडा हाती येतो, आणि ‘सुगम’मध्येही तो लिहिता येतो. अर्ज पाठविल्यावर ३० दिवसांच्या आत आधारच्या ओटीपीने अथवा अन्य मार्गाने त्याची पडताळणी करावी. ती राहिली तर सर्व श्रम व्यर्थ. खोट्या वजावटी घालून “जास्त परतावा मिळवून देतो” म्हणणाऱ्या मध्यस्थापासून दूर राहावे. नोटीस येते ती ज्याच्या नावे अर्ज असेल त्याला. नवा प्राप्तिकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नास लागू. त्यात कलमांचे क्रमांक बदललेले आहेत, म्हणून दर व मुदत दरवर्षी खात्याच्या संकेतस्थळावर ताडून पाहावी.

आणि आपण सुशिक्षित कुटुंबांनी काय करावे? आपल्या घरी येणारा ओळखीचा चालक, रिक्षावाला, वायरमन यांपैकी कोणी हा अर्ज पुढ्यात घेऊन गोंधळलेला दिसला, तर अर्धा तास त्याच्यापाशी बसावे. पासवर्ड त्याचा त्यासच टाकू द्यावा, आकडा त्याचा त्यासच सांगू द्यावा. आपण फक्त प्रश्नाचा अर्थ समजावून द्यावा. वर्षभर राबलेल्या माणसाला आपली खरी कमाई अक्षरांत व अंकांत मांडता यावी, यासाठी आपले एवढे साहाय्य पुरेसे आहे.