चांद्याचं राज्य टिकलं कशावर?



चंद्रपूरच्या, म्हणजे जुन्या चांद्याच्या कोटाला चार वेशी: जटपुरा, बिनबा, अंचलेश्वर आणि पठाणपुरा. वेशींवर हत्तीला नमवणारा सिंह कोरलेला आहे. ती चांद्याच्या गोंड राजांची मुद्रा.

पठाणपुऱ्याचं नाव निघालं की मला कंदाहारचे होतक पठाण आठवतात. 1709 मध्ये त्यांच्या मीरवाइसनं इराणी अंमल झुगारला, 1722 मध्ये त्याच्या मुलानं थेट इस्फहान काबीज केलं आणि 1738 मध्ये नादिरशहानं कंदाहारही घेतलं. तीस वर्षांत सगळं आटोपलं! आमच्या गोंडांचं राज्य मात्र काही शतकं चाललं.

ते कोटामुळे चाललं, असं सांगतात. खांडक्या बल्लाळशहानं शहर वसवलं, तटाला हात घातला. पुढच्या राजांनी तो पुरा केला. फौजही लहान नव्हती. अबुल फजलनं ‘ऐन-ए-अकबरी’त चांद्याच्या राजा बाबाजीकडे हजार स्वार आणि चाळीस हजार पायदळ असल्याचं लिहिलंय, वैरागडची हिऱ्याची खाणही नोंदवली आहे. पण हिरे काही रयतेचं पोट भरत नाहीत.

खरी गोष्ट इथल्याच गोंड राजा हीरशहाची. जो जंगल तोडून वहीत करील, त्याला ती जमीन. जो तळं बांधील, त्याला त्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन, असा त्याचा रिवाज सांगितला जातो. बघा, राजानं खजिन्यातून किती खर्च केला असेल? फारसा नाही. पण झाडीत गावं बसली, बांध्यांत धान पिकू लागलं, आणि राज्य राहावं असं लोकांनाच वाटू लागलं.

राणी हिराईचंही तसंच. तिचा नवरा राजा बीरशहा आपल्याच अंगरक्षकाच्या हातून मारला गेला. गादीला वारस नव्हता. राणीनं रामशहाला दत्तक घेऊन कारभार सांभाळला, महाकालीचं मंदिर बांधलं, नवऱ्याची समाधी उभारली.

रामशहाचा मुलगा नीलकंठशहा याला मात्र हे जमलं नाही. बापाच्या वेळचे जाणते कारभारी त्यानं दूर केले, रयतेला नाडलं. दरबार फुटला, आणि नागपूरकर रघुजी भोसल्यांना तेवढंच हवं होतं. 1751 मध्ये चांदा भोसल्यांच्या राज्यात गेला. नीलकंठशहा बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेत वारला. दोष माझ्या मते तटाचा नव्हता, राजाचा होता.

आता पुन्हा तळ्यांकडे. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या जुन्या तळ्यांना आज ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतात. त्यातले कितीतरी गाळानं भरलेत. 2017 पासून चंद्रपूरच्या स्वयंसेवकांनी कोटाची साफसफाई हाती घेतली, हे चांगलंच झालं. गावकऱ्यांनो, तसेच हात आता आपापल्या गावच्या तळ्यालाही लावा.