पाहुणचाराचं शिक्षण आणि परदेशातल्या शिष्यवृत्त्या
(आकाशवाणीवरील भाषणाची संहिता)

१८९२ साली जमशेटजी टाटांनी हुशार भारतीय मुलांना परदेशी शिकायला पाठवण्यासाठी एक निधी उभा केला. त्यातून मिळणारी मदत कर्जाऊ असे. शिकून या, कमवा आणि परत करा, म्हणजे पुढच्याला देता येईल, अशी ती रीत. ती आजही चालू आहे. पुढच्याच वर्षी, १८९३ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात हॉटेलचा धंदा शिकवणारी शाळा निघाली. या प्रकारची जगातली ती पहिली मानली जाते. आणि १९०३ मध्ये याच जमशेटजींनी मुंबईच्या किनाऱ्यावर ताजमहाल हॉटेल उघडलं. शिष्यवृत्ती, हॉटेलचं शिक्षण आणि उत्तम हॉटेल, हे सगळं अवघ्या अकरा वर्षांत घडलं. तरीही हॉटेल आणि पर्यटन शिकायला परदेशी जायचं म्हटलं, की सव्वाशे वर्षांनंतरही आपल्याकडे पहिला प्रश्न येतो: ‘त्यासाठी कोण देणार शिष्यवृत्ती?’

मी हॉटेल मॅनेजमेंट शिकवतो. प्रवेशाच्या दिवसांत पालक मुलाला बाहेर बसवून मला हळूच विचारतात, ‘एवढं शिकून शेवटी वाढपीच होणार ना?’ त्यांचा मला राग येत नाही, वाईट मात्र वाटतं. कारण हीच समजूत अनेक शिष्यवृत्त्यांच्या नियमांतही शिरलेली आहे. आपल्या देशातली एक नावाजलेली खासगी शिष्यवृत्ती कोणते विषय चालणार नाहीत ते आधीच छापते. त्या यादीत हॉटेल आणि पर्यटन आहे. मुलगा कितीही चांगला असो, त्याचा अर्ज उघडलाच जात नाही.

आणि मदतीची गरज तर इथंच जास्त आहे. स्वित्झर्लंडमधल्या नामांकित संस्थेत पदवी घ्यायची, तर राहण्या-जेवणासह खर्च कोटीच्या पुढे जातो. तिथल्या प्रशिक्षणाच्या महिन्यांत हॉटेलं पगार देतात. तो महिन्याला दोन हजार फ्रँकांच्या वर असतो, कारण तसा करारच आहे. त्यातून थोडा भार हलका होतो. पण पहिल्या वर्षाची फी भरायला मालवणच्या किंवा महाबळेश्वरच्या साध्या घरातून पैसे कुठून येणार?

म्हणून मुलांना मी सांगतो, पदवी इथंच घ्या. १९५४ मध्ये लीलावती मुन्शींच्या पुढाकारानं सुरू झालेली मुंबईची संस्था दादरला आहे. पुण्यात शिवाजीनगरला राज्याची संस्था आहे, गोव्यात पर्वरीला केंद्राची आहे. तिथं शिका, दोन-तीन वर्षं नोकरी करा. फ्रंट ऑफिस करा, हाउसकीपिंग करा, किचनमध्ये डबल शिफ्ट काढा. मग पदव्युत्तर शिक्षणासाठी बाहेर पडा. परदेशातल्या मोठ्या शिष्यवृत्त्या बहुतेक त्याच टप्प्यावर मिळतात.

ब्रिटिश सरकारची चिव्हनिंग शिष्यवृत्ती १९८३ पासून दिली जाते. एका वर्षाच्या मास्टर्सचा सगळा खर्च त्यातून निघतो. दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर किमान दोन वर्षं मायदेशी राहायचं, अशी अट असते. मला ही अट फार आवडते. राष्ट्रकुल शिष्यवृत्त्याही आपल्यासारख्या देशांसाठीच आहेत.

पण पर्यटनापुरतं बोलायचं, तर माझ्या मते सगळ्यात मोलाची आहे युरोपची इरॅस्मस मुंडुस. तिच्यात पर्यटन व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा खास अभ्यासक्रम आहे. तो तीन विद्यापीठं मिळून चालवतात: डेन्मार्कमधलं दक्षिण डेन्मार्क विद्यापीठ, स्लोव्हेनियातलं ल्युब्लियाना आणि स्पेनमधलं जिरोना. पहिलं सत्र डेन्मार्कमध्ये, दुसरं स्लोव्हेनियात, तिसरं स्पेनमध्ये आणि शेवटी प्रबंध. निवड झाली की फी नाही, वर महिन्याला १४०० युरो, चोवीस महिन्यांपर्यंत. प्रवास, व्हिसा, घरभाडं, जेवण सगळं त्यातूनच भागवायचं. नीट राहिलं तर भागतं.

आता अर्जाविषयी. शिष्यवृत्ती बहुतेक वेळा अर्जावरच जाते, म्हणून इथं थोडं थांबतो.

माझी एक विद्यार्थिनी तारकर्लीजवळची. तिच्या घरी न्याहारी-निवास आहे, वर दोन खोल्या, खाली आईचा स्वयंपाक. तिनं अर्जात पहिल्यांदा लिहिलं होतं, ‘मला लहानपणापासून लोकांची सेवा करण्याची आवड आहे आणि भारताची संस्कृती जगाला दाखवायची आहे.’ असे अर्ज शेकड्यांनी येतात. मी तिला विचारलं, ‘बाय, पावसाळ्यात तुमच्याकडे काय करता?’ ती म्हणाली, ‘काय करणार सर? पाण्यातले खेळ बंद. होड्या वर ओढून ठेवतात. खोल्या रिकाम्या. स्नॉर्केलिंगला नेणारी पोरं गोव्याला वेटरकीला जातात आणि त्यातली निम्मी परत येत नाहीत.’ मी म्हटलं, ‘हे लिही.’

तिनं लिहिलं. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तरी वर्षाचे तीन-चार महिने इथला पर्यटनधंदा झोपतो. पावसातलं कोकण दाखवून त्या महिन्यांतही गावातल्या पोरांना गावातच काम देता येईल का, हा तिचा प्रश्न. आणि स्लोव्हेनियात शेतकरी आपल्या घरीच पाहुणे ठेवतात, तिथं हंगाम नसलेले महिने ते कसे काढतात ते शिकायचं आहे, हे तिच्या जाण्याचं कारण. आता तो अर्ज तिच्याशिवाय दुसरं कुणी लिहू शकलं नसतं. निवड समितीला हेच हवं असतं: परत येऊन हे माणूस नेमकं कोणतं काम हाती घेणार?

एक सावधगिरी सांगतो. शहराशहरांत एजंट बसलेले आहेत. ते ‘पन्नास टक्के स्कॉलरशिप मिळवून देतो’ म्हणतात. बहुतेक वेळा ती त्या खासगी कॉलेजच्या फीतली सूट असते, आणि उरलेली अर्धी फीसुद्धा तुमच्या आवाक्याबाहेरची असते. खऱ्या शिष्यवृत्तीच्या पत्रात फी कोण भरणार, महिन्याला किती मिळणार, विमा आणि तिकीट कुणाकडे, हे स्वच्छ लिहिलेलं असतं. ते पत्र हातात येईपर्यंत घरावर कर्ज काढू नका.

बारावी झालेल्यांसाठीही एक वाट आहे. जपान सरकारच्या शिष्यवृत्त्यांमध्ये व्यवसाय प्रशिक्षण महाविद्यालयांसाठी वेगळा विभाग आहे आणि त्यात हॉटेल आणि पर्यटन हे विषय येतात. पहिलं वर्ष जपानी भाषेचं, पुढची दोन विषयाची. फी माफ, महिन्याला १ लाख १७ हजार येन, जाण्या-येण्याचं विमानभाडं. लेखी परीक्षा आणि मुलाखत होते. पुण्यात तर रानडे इन्स्टिट्यूटपासून खासगी वर्गांपर्यंत जपानी शिकायची सोय कित्येक वर्षांची आहे. ती भाषा शिकणारी मुलं बहुतेक आयटीकडे वळतात. त्यांतल्या चार जणांनी तरी इकडे पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

आता आपल्या राज्याविषयी. राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीनं अनुसूचित जातींच्या आणि नवबौद्ध घरांतल्या मुलांना जगातल्या मोठमोठ्या विद्यापीठांत पोचवलं आहे. या योजनेबद्दल मला नितांत आदर आहे. पण तिची अट अशी, की प्रवेश जागतिक क्रमवारीत वर असलेल्या विद्यापीठात हवा. ही क्रमवारी सगळे विषय शिकवणाऱ्या विद्यापीठांची असते. लोझानची संस्था एकच विषय शिकवते, म्हणून त्या यादीत तिचं नावच नाही. हेगच्या हॉटेल-शाळेचंही नाही. हॉटेल व्यवस्थापनाची स्वतंत्र विषयवार क्रमवारी निघते, तिच्यात मात्र लोझान वर्षानुवर्षं अगदी वर असते. म्हणजे या विषयातल्या सर्वोत्तम संस्थेत प्रवेश मिळवलेला मुलगा आपल्याच सरकारच्या नियमात बसत नाही.

माझी मागणी एवढीच आहे, की या विषयासाठी विषयवार क्रमवारी धरावी. एका शासन निर्णयात होण्यासारखं हे काम आहे. ज्या घरांतल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या पंगतीजवळही उभं राहू दिलं नाही, त्या घरातली मुलगी जगातल्या उत्तम हॉटेलची जनरल मॅनेजर व्हावी, यासाठी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती नाही वापरायची, तर कशासाठी वापरायची?

तोवर मुलांनो, तयारीला लागा. चिव्हनिंगचे अर्ज साधारण ऑगस्टमध्ये सुरू होतात, इरॅस्मसचे ऑक्टोबर ते जानेवारी. जपानच्या वकिलातीची जाहिरात उन्हाळ्यात येते. पासपोर्ट आधी काढून ठेवा. आणि जिथं जिथं काम केलं असेल, मग ते गावातलं लहान लॉज का असेना, तिथून तारखांसह अनुभवाचं पत्र आजच लिहून घ्या. मालक बदलले, की ते पत्र मिळत नाही.