नेच्याला हवी ओलसर हवा

नाशिकमधलं द्वारका म्हणजे मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता मिळतात तो गजबजलेला चौक. तिथल्या गॅलरीत नेच्याची कुंडी ठेवली, की एप्रिलमध्ये पानांच्या कडा करपू लागतात. घरातली माणसं पाणी वाढवतात आणि आठ-पंधरा दिवसांत मुळं कुजतात. इथं पाणी कमी पडलेलं नसतं, जागा चुकलेली असते. नेच्याची पातळ पानं भोवतालच्या हवेतल्या ओलीवर तगतात. १८२९च्या सुमारास लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांच्या बागेतले नेचे कोळशाच्या धुरात जगेनात. मात्र पतंगाच्या कोषासाठी झाकून ठेवलेल्या बाटलीत, ओलसर मातीत, एक नेचा आपोआप उगवला आणि वरून थेंबही न घालता तीन वर्षांहून अधिक टिकला. माती मूठभरच होती, पण तिची ओल बाटलीबाहेर जात नव्हती.

कोणी म्हणेल, नेचे शोभतात ते कोकणात. नाशिकच्या कोरड्या हवेत हा हट्ट कशाला? पण आपल्याकडच्या जुन्या विहिरींत डोकावून पाहा. दगडांच्या सांध्यांत, नावापुरत्या मातीवर नेचे हिरवेगार असतात, कारण तिथं ऊन आणि वारा पोचत नाही. दुसरा आक्षेप असा, की पाऊस सरताच ब्रह्मगिरीच्या कड्यांवरचा हंसराज हा नेचाही वाळतो. खरं आहे, पण तो मरत नाही. त्याचं खोड खडकाच्या फटीत विसावतं आणि पावसाबरोबर पुन्हा फुटतं. म्हणून कुंडीतला हंसराज सुकला तर फेकू नये आणि त्यावर पाणीही ओतू नये. कड्यावरचा उपटून तर मुळीच आणू नये. रोपवाटिकेतलं रोप घ्यावं.

राहिला प्रश्न पाणीटंचाईचा. तो रास्तच आहे, आणि त्याचं उत्तर जागेतच आहे. उत्तरेकडची, भिंतीच्या आडोशाची सावली निवडा. कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे, वर कुजलेला पालापाचोळा आणि थोडी माती घाला. नुसती काळी माती पाणी धरून मुळं गुदमरवते. चार-पाच कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा, म्हणजे एकीची ओल दुसरीला मिळते. मग भाजी धुतलेलं पाणीही पुरतं. बोटानं माती चाचपा आणि ती ओलसर लागली, तर त्या दिवशी पाणी घालू नका.