मुलांना भेट काय द्यावी?
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



आज चार वर्षांच्या पोराच्या वाढदिवसाला टॅब घेतला जातो. रोख पैसे नसतात, मग हप्ते बांधतात. का? तर शेजारच्या पोराकडे आहे! वस्तू पोराच्या हातून लवकर फुटते, हप्ता मात्र चालूच राहतो.

सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी गृहस्थाला कमाईचे चार भाग करायला सांगितले. एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून. खेळण्याचा खर्च पहिल्या भागातला. त्यात बसत नसेल तर घ्यायचं नाही. कर्ज काढून तर मुळीच नाही.

दुसरी गोष्ट तब्येतीची. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले, की वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन दाखवूच नये. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला १ तासापेक्षा जास्त नको. एवढ्यासाठी वेगळं यंत्र कशाला? घरातला फोन पुरतो.

मोठ्या मुलांच्या अभ्यासाला लागत असेल तर जरूर घ्या. पण तो घराचा, सर्वांचा असावा.

बाबासाहेब विद्यार्थी असताना केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. त्या भेटीचं मोल पैशात होईल काय? पोर हट्ट करील, रडेल. त्याला मांडीवर घ्या, पुस्तक उघडा, गोष्ट सांगा. आईबापाचा वेळ हप्त्याने मिळत नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!