तांब्याची तार आणि काचेचा तंतू



घरोघर इंटरनेट न्यायचे ते तांब्याच्या तारेने की काचेच्या तंतूने, हा प्रश्न तांबट लेनच्या गावात काढला म्हणजे मते कोठे पडणार ते उघड आहे! पण आम्ही पडलो कामगार संघटनेचे लोक. आम्ही हिशेब मजुरीच्या बाजूने मांडतो.

टेलिफोनची तांब्याची तार जमिनीत पूर्वीच पडली आहे, तेव्हा ती फुकट, असे पुष्कळ शहाणे म्हणतात. फुकट कसली? पावसाळ्यात सांध्यात पाणी शिरते, खरखर सुरू होते, चोर केबल कापून नेतात. आणि दर खेपेला लाइनमनला खड्ड्यात उतरावे लागते. शिवाय तिची धाव तोकडी. कागदावर वेग 24 मेगाबिट, पण तो एक्स्चेंजच्या उंबरठ्याशी. चार-पाच किलोमीटरवरच्या घरी त्यातले एक-दोन पोहोचले तरी पुष्कळ. काचेचा एक तंतू 20 किलोमीटर जातो, वाटेत फाटे फोडून 32 घरांना पुरतो, आणि भंगारात त्याला कोणी विचारीत नाही.

मग नवी लाइन महाग का पडते? काच महाग नाहीच; महाग आहे तो चर. आमच्या पेठ-सुरगाण्याच्या काळ्या खडकात हातभर खोदून पाहा म्हणजे कळेल. 2011 साली मंजूर झालेली, पुढे भारतनेट म्हणून ओळखली गेलेली, अडीच लाख ग्रामपंचायतींची योजना मुदतीमागून मुदती ओलांडत गेली, त्यात खोदाई आणि रस्त्यांच्या परवानग्या यांचा वाटा मोठा होता.

आता बचत कोठून दाखवतात तेही पाहा. 2020 च्या जानेवारीअखेर भारत संचार निगमचे 78 हजारांवर कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन एकदम घरी गेले. कोणती जोडी कोणाच्या घरी जाते हे ज्यांना तोंडपाठ, अशी कितीतरी माणसे त्यांत गेली. आज तंतू जोडायला येणारा पोरगा बहुधा ठेकेदाराचा असतो. तांब्याच्या खात्यात कायम नोकराचा पगार धरायचा आणि काचेच्या खात्यात ठेकेदाराची मजुरी, मग काच स्वस्त दिसली तर नवल ते काय? आम्ही काचेच्या विरुद्ध नाही. दोन्ही खाती एकाच मजुरीने मांडा. लांब पल्ल्याला काचच जिंकेल, अशी आमची खात्री आहे.

आणखी एक रक्कम राहिली. जुन्या टेलिफोनला 48 व्होल्टची वीज एक्स्चेंजमधूनच तारेवरून मिळे. घरातले दिवे गेले तरी फोन चाले. काचेतून वीज जात नाही. घरातल्या डब्याला वीज हवी, ती गेली तर बॅटरी हवी. आणि तो खर्च, मंडळी, गिऱ्हाइकाच्या माथी असतो.